दाबाखालचे अतिवाहक आणि स्पिन : सेमिनारला कुठला पदार्थ घेऊ?

केगावचा_विद्यार्थी
नमस्कार. सोलापुरात एम.एस्सी. फिजिक्सच्या दुसऱ्या वर्षाला आहे. सेमिनारला विषय मिळालाय, दाबाखाली अपारंपरिक अतिवाहकांतलं स्पिनचं वर्तन. अतिवाहक म्हणजे खूप थंड केल्यावर वीजरोध शून्य होणारे पदार्थ, अपारंपरिक म्हणजे नेहमीच्या सिद्धांतात न बसणारे, आणि स्पिन म्हणजे इलेक्ट्रॉनचा अंगचा चुंबकीय गुण. वेळ 20 मिनिटं, फळा आणि खडू. एकच पदार्थ नीट सांगायचाय. कुठला घेऊ? खर्च 1500 च्या वर झेपणार नाही.

होटगी_रोड
डोळ्यांना दिसेल असं दाखवा की ओ. मी इट्रियम-बेरियम-कॉपर ऑक्साइड या अतिवाहकाची चकती मागवली, चुंबकासकट साडेसहा हजार गेले, पण पैसे वसूल. द्रव नायट्रोजन गायी-म्हशींच्या कृत्रिम रेतनवाल्याच्या कॅनमधून घेतला. चुंबक तरंगला की अख्खा वर्ग बाकं सोडून पुढं येतो.

सात_रस्ता
चकती मीही घेतली होती. वापरून ओलीच कपाटात ठेवली, पुढच्या वर्षी चुंबक जागचा हलेना. पुसून सिलिका जेलच्या पुड्यांसोबत बंद डब्यात ठेवा. आणि कॅनचं बूच घट्ट लावू नका, 1 लिटर द्रवाचा जवळपास 700 लिटर वायू होतो.

जुना_मास्तर
यात दाब कुठे आहे? स्पिन कुठे आहे? पोराने काय विचारलंय ते आधी वाचा.
बाळा, स्ट्रॉन्शियम रुथेनेट घे. अतिवाहकता 1994 ला सापडली, शुद्ध स्फटिकात ती 1.5 केल्विनला येते. अतिवाहकात इलेक्ट्रॉन जोड्या करतात. जोडीतले स्पिन एकमेकांच्या उलट असतील तर सिंग्लेट, एकाच दिशेचे असतील तर ट्रिप्लेट. सिंग्लेट असेल तर थंड करताना एनएमआरमधली (अणुकेंद्रांवर रेडिओ स्पंदनं सोडून मोजायची पद्धत) नाइट शिफ्ट, म्हणजे इलेक्ट्रॉनच्या स्पिनमुळे सरकलेली वारंवारता, घसरते. 1998 च्या मोजणीत ती हललीच नाही, म्हणून सगळे ट्रिप्लेट म्हणू लागले. 2019 मध्ये स्फटिक एका दिशेने दाबून पुन्हा मोजलं, तर घसरली! आधी रेडिओ स्पंदनांनी नमुनाच तापत होता. मी वीस वर्षं वर्गात ट्रिप्लेट शिकवलं, त्याची हळहळ अजून जात नाही.

शब्दवेध
'अतिवाहक' नाही, 'अतिसंवाहक' म्हणा. संवहन वेगळं, वहन वेगळं.

जुना_मास्तर
उष्णतेच्या धड्यात पोरं 'वहन' हाच शब्द शिकतात. इथं 'संवहन' आणलं तर गोंधळतील. 'अतिवाहक' बरोबर आहे.

पार्क_चौक
मूळचा सोलापूरचा, दाबाच्या सेलवर (नमुना आत ठेवून दाबायचं छोटं उपकरण) चार वर्षं काढलीत. युरेनियम डायटेल्युराइड घे. साध्या दाबाला 2 केल्विनच्या आसपास अतिवाहक होतं, 1.2 गिगापास्कलला ते तापमान 3 केल्विनपर्यंत चढतं, आणि ट्रिप्लेटचा सगळ्यात भक्कम उमेदवार तेच आहे. दाब म्हणजे काय तेही सांग : 1 गिगापास्कल म्हणजे चौरस सेंटिमीटरवर 10 टन, उसाने भरलेला ट्रक अंगठ्याच्या नखावर. नमुना मोहरीएवढा, भोवती केसासारख्या तारेची कॉइल, सगळं टेफ्लॉनच्या टोपीत तेलात बुडवायचं, प्रेसखाली दाबायचं आणि लॉकनट आवळायचा. पाचव्यांदा दाब चढवताना आत 'टक्' झालं. तार तुटली, तीन आठवडे पाण्यात.

होटगी_रोड
युरेनियम सोलापुरात कुठं मिळणार? चकतीच घ्या.

सात_रस्ता
युरेनियमवालं छान आहे. आणि कॅनचं बूच घट्ट लावू नका.

केगावचा_विद्यार्थी
सगळ्यांचे आभार. चार दिवस वाचत बसलो आणि सिरियम-रोडियम-इंडियम घेतलंय, सूत्रात इंडियम पाच. 3.8 केल्विनखाली त्यातले स्पिन थरागणिक थोडे थोडे वळत जिन्यासारखे फिरतात. दाब वाढवला की ही चुंबकीय रचना ढिली पडत जाते, आणि सुमारे 2 गिगापास्कलला 2 केल्विनच्या आसपास तेच इलेक्ट्रॉन अतिवाहक होतात. हे 2000 साली दिसलं. मास्तर, रुथेनेटची गोष्ट मनाला लागली, पण तिथं निम्मा वेळ एनएमआर समजावण्यात जाईल. इथं तापमान-दाबाच्या, दोन रेषांच्या एका आकृतीत दाब आणि स्पिन दोन्ही येतात. नवी पेठेतून रंगीत खडू आणले, 60 रुपये. दादा, ट्रकचं उदाहरण वापरू ना?

पार्क_चौक
वापर की बे, विचारतोस काय.

जुना_मास्तर
सुरुवातीला थोड्या दाबाने चुंबकीय रचनेच्या तापमानाची रेषा किंचित वर जाते, मगच खाली येते. ती सरळ उताराची काढू नकोस. आणि आडव्या अक्षावर एकक लिही.