शब्दचर्चा: सर्व्हरवर 'रेंडर' करणे

पऱ्हाटी: तालुक्याच्या कॉलेजातल्या पोरांसाठी रिअ‍ॅक्टच्या नोट्स मराठीत लिहितेय. (रिअ‍ॅक्ट म्हणजे वेबपानं बनवायची जावास्क्रिप्ट लायब्ररी, कंपोनंट म्हणजे त्यातला पानाचा एक सुटा भाग.) 'कंपोनंट सर्व्हरवर रेंडर होतो' इथे 'रेंडर'ला मराठी शब्द काय, यावर अडलेय. 'प्रस्तुतीकरण' लिहिलं तर एकानं विचारलं, "मॅडम, कोणासमोर?" बरोबरच आहे. रेंडरटूस्ट्रिंग हे रिअ‍ॅक्टचं फंक्शन कंपोनंटचं नुसतं एचटीएमएल बनवून हातात देतं. दाखवायचं काम ब्राउझरचं.

शुद्धमती: 'रूपण' करा.

ठेचाभाकर: 'रांधणे' घ्या न बापा! सर्व्हरनं रांधलं, ब्राउझरनं वाढलं. रेंडर अन् रांधणं मुळात एकच असन.

शुद्धमती: नाही हो. रेंडर फ्रेंच 'रांद्र'वरून, म्हणजे परत देणे. रांधणे संस्कृत 'रन्धन'वरून. कानाला जुळलं की नातं होत नाही.

ठेचाभाकर: कंपोनंट घेते, एचटीएमएल परत देते. जुळलंच न मग!

काकाजी: आमच्या घरी अजून 'रांधलं का?' असंच विचारतात. पण रांधलेलं खाता येते. सर्व्हरवरून आलेलं बटन नुसतं दिसते, दाबलं तर ढिम्म. जावास्क्रिप्ट येऊन हायड्रेट करते तवा कुठं ऐकते. गावात रेंजची एकच काडी असली की हा मधला वेळ चांगलाच लांबते. त्या हायड्रेटले काय म्हणान?

पऱ्हाटी: 'जलसंजीवन' लिहिलं होतं. ओआरएसची पुडी आठवली, खोडलं.

ठेचाभाकर: ओलित!

काकाजी: वा! म्हणजे रेंडरटूस्टॅटिकमार्कअप, ज्याले हायड्रेट करायचंच नसते, ते कोरडवाहू.

सांगलीकडचा: ओलित म्हणजे बागायत का?

ठेचाभाकर: बागायत म्हटलं की आमाले संत्र्याची बाग दिसते. चण्याले पाणी देलं तरी ते ओलितच.

शुद्धमती: ओलितानं पीक वाढतं. इथे काहीही वाढता कामा नये. सर्व्हरनं बनवलं तेच ब्राउझरमध्ये निघायला हवं, त्याला फक्त क्लिक वगैरे जोडले जातात. सर्व्हर यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर), फोन भारतीय वेळेवर, आणि पानावर वेळ छापलेली, की झाला मिसमॅच.

काकाजी: मंग 'हायड्रेट'च ठेवा. २०१७ च्या रिअ‍ॅक्ट १६ पासून फंक्शनचं नावच ते हाय, १८ मध्ये हायड्रेटरूट झालं. पोराले टाइप तेच करा लागते.

ठेचाभाकर: आत्ता तर 'वा' म्हनत होते!

सांगलीकडचा: पण चण्याला पाणी किती देता?

काकाजी: दोन. एक फुलावर येण्याच्या आंधी, एक घाटे भरताना. भारी जमिनीत जास्त देलं तर नुसता पाला वाढते.