फी थकून मेलेलं पेटंट, काजूचा कटर आणि आमचा साडू : तुम्ही काय म्हणता?

उद्यमबागचा_लेथवाला
मंडळी, घरातलं भांडण तुमच्यासमोर टाकूलालोय. बेळगावच्या उद्यमबागेत आमचं बारकं शॉप आहे, दोन लेथ, एक मिलिंग, बाकी सगळं जॉबवर्क. खानापूर तालुक्यातला एक काजू युनिटवाला आला, म्हणाला बी फोडायचे हातकटर दे पण तुकडा कमी पडणारे. काजूचं गणित माहीत असणाऱ्यांना सांगायला नको, अख्खा गर निघाला तर भाव, तुकडा पडला की निम्मी मजा गेली. साध्या कटरमध्ये दोन पाती असतात, उकडलेली बी मधे धरायची, पायानं दाबायचं, हातानं पिळायचं. बी बारीक-मोठी निघाली की पातं गरात घुसतंय, तिथंच घोळ.

शोधता शोधता पेटंट ऑफिसच्या साइटवर एक भारतीय पेटंट सापडलं. कोकणातल्या एका गृहस्थाचं, अर्ज २०१२ चा, मंजूर २०१८ ला. एक पातं स्प्रिंगवर बसवलंय, बी कसलीही असो, टरफल फुटलं की पातं मागं सरकतं. ड्रॉइंगसकट सगळं फुकट डाउनलोड. आणि स्टेटस बघितलं तर आठव्या वर्षाची फी न भरल्यामुळं २०१९ ला बंद. म्हणजे बनवायला मोकळं की नाही? मी दहा नग बनवायचं म्हणतोय. आमचे साडू (शिक्षक आहेत, स्वभाव पण तसाच) म्हणतात हे मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणं आहे. जेवणाच्या ताटावर म्हणाले हो. तर बोला.

टिळकवाडी_९
साडूंना सांगा लोणी त्या माणसानंच ताटात वाढलंय. पेटंट म्हणजे सौदा असतो, तू तुझी युक्ती सगळ्यांना उघड करून सांग, सरकार तुला अर्जाच्या तारखेपासून २० वर्षं दुसऱ्याला अडवायचा हक्क देतं, पण दरवर्षी फी भरून तो जिवंत ठेवायचा. नाही भरली की हक्क संपला. आपल्या १९७० च्या कायद्यात कलम ५३ मध्ये चक्क लिहिलंय की फी न भरल्यामुळं पेटंट गेलं किंवा मुदत संपली तर त्यातल्या विषयाला कसलंही संरक्षण नाही. दोन्ही एकाच वाक्यात. बनवा आणि विका, दहा कशाला, शंभर बनवा.

कडोलीची_सून
कायदा वाचून दाखवणं सोपं आहे ओ. मुदत संपणं आणि फी थकणं एकच कसं? एकानं २० वर्षं खाऊन-पिऊन सोडलं आणि एकाला आठव्या वर्षी परवडलं नाही, दोघांना एका माळेत ओवायचं? एकट्या माणसाला आठव्या वर्षाची फी २४०० रुपये असते, मी आत्ता तक्ता उघडून बघितला. २४०० साठी त्या माणसाची अक्कल सगळ्या गावाची झाली म्हणायचं. अर्ज टाकल्यावर मंजुरीला ६ वर्षं लागली, ती मंजुरी आली की तिसऱ्या वर्षापासूनची तुंबलेली फी एकदम भरा म्हणतात, तोवर मशीन विकून चार पैसे मिळाले असतील तर भरणार ना.

टिळकवाडी_९
२४०० नसतील तर मग पेटंटचं करायचं काय? कोणी कॉपी केली तर कोर्टात जायला वकील २४०० मध्ये येतो का?

कडोलीची_सून
हेच तर! म्हणजे गरिबाला पेटंट नाहीच, हे तुम्हीच कबूल केलं.

चेन्नईकर_मूळचा_येळ्ळूरचा
मी पेटंटच्याच लाइनमध्ये काम करतो म्हणून बोलतो, भांडण चालू द्या पण आधी हे बघा. तुम्ही लोक तीन गोष्टींची मिसळ करताय. एक, अर्ज केला पण तपासणीच्या पत्राला उत्तरच दिलं नाही, म्हणून अर्ज सोडून दिल्यात जमा. तिथं हक्क जन्मालाच आला नाही. दोन, २० वर्षं पूर्ण. ते कायमचं गेलं. तीन, तुमचं, फी थकली. हे तिसरं उठून बसू शकतं! बंद झाल्या तारखेपासून १८ महिन्यांत मालक अर्ज करू शकतो, की बाबा मुद्दाम चुकवली नाही, पेटंट परत चालू करा. त्यामुळं कालपरवा बंद झालेलं पेटंट बघून कोणी डाय (साचा) बनवायला टाकू नये. मधल्या काळात सुरुवात केलेल्यांना कायद्यात थोडं संरक्षण आहे, पण ते भांडून मिळवायचं असतं. २०१९ चं असेल तर १८ महिने कधीच उलटले, ते मेलं.

तरी दोन गोष्टी तपासा. त्याच माणसानं किंवा दुसऱ्या कोणी सुधारित कटरवर नवं पेटंट घेतलंय का, आणि कटरच्या आकाराची डिझाइन नोंदणी आहे का (ती वेगळी असते, १० वर्षं, वर ५ वाढवून मिळतात). पूर्ण कागद वाचायची गरज नाही, शेवटचे क्लेम (नेमका कशावर हक्क सांगितलाय ते मुद्दे) वाचा, हक्क तेवढ्यालाच असतो.

जाता जाता गंमत सांगतो. बेळगाववाल्याचा पेटंट अर्ज चेन्नई ऑफिसला जातो आणि पलीकडं चंदगडवाल्याचा मुंबईला, पण पेटंट मिळालं की सगळ्या देशात एकच. तिथं सीमाप्रश्न नाही!

निपाणकर_काका
शेवटची ओळ वाचून चहा सांडला.

शहापूरचा_पॅटर्नवाला
मी साडूंच्या बाजूनं. का ते ऐका. मी फाउंड्रीला लाकडी पॅटर्न (ओतकामाचा साचा ज्यावरनं पाडतात तो नमुना) करतो, ३० वर्षं झाली. एका पंपाच्या बॉडीचा पॅटर्न मी डोकं लावून असा केला की एक कोअर (पोकळीसाठी साच्यात ठेवायचा वाळूचा गाभा) वाचत होता, मोल्डिंगवाल्याचा वेळ वाचत होता. पार्टीनं सॅम्पल म्हणून नेलं, दोन महिन्यांनी तसाच पॅटर्न दुसऱ्याकडनं स्वस्तात करून घेतला. पेटंटबिटंट आम्हाला कुठलं, कोणी सांगितलंच नव्हतं असलं काही असतं. कायद्यानं ते पण बरोबरच असेल. पण त्या दिवशी जेवण गेलं नाही. म्हणून म्हणतो, कागदावर मोकळं आहे म्हणजे मनानं मोकळं आहे असं नाही. निदान त्या माणसाला फोन करा, विचारा, चार पैसे द्या.

टिळकवाडी_९
काका तुमचं वाईट वाटलं, पण तुमची केस उलटी आहे. तुम्ही युक्ती लपवून ठेवली होती आणि ती फुटली. यानं स्वतःहून छापून दिलीय.

शहापूरचा_पॅटर्नवाला
लपवली कुठं, पार्टीच्या हातात दिली की.

खानापुरी_काजू
तुम्ही सगळे त्या गृहस्थाबद्दल बोलूलाल्यात, कटर चालवणाऱ्या बायकांबद्दल कोणीच नाही. माझ्या आईनं सीझनला काजू फोडलेत. टरफलाचं तेल हाताला लागलं की कातडी जळते, काळी पडते, सोलपटं निघतात. राख लावून, खाद्यतेल लावून बसायच्या बायका. लग्नकार्यात हात पदराखाली. मजुरी किलोवर, तुकडा जास्त पडला की मालक बोलणार. आता सांगा, तुकडा कमी पाडणारी वस्तू २०१२ पासून कागदावर आहे आणि आमच्या तालुक्यात मी एक नग बघितलेला नाही. मग ते पेटंट जिवंत असून काय उपयोग होता? मला तरी लेथवाल्यानं शंभर बनवलेले आवडतील, आणि साडूंना एक दिवस बोरम्याच्या (गर वाळवायच्या भट्टीच्या) उकाड्यात आणून बसवा, मग लोण्याचं बोलू.

उद्यमबागचा_लेथवाला
साडू हे वाचूलाल्यात. गप्प आहेत.

हिंडलग्याचा_फार्मसीवाला
पेटंट संपल्याचा फायदा माझ्या काउंटरवर रोज दिसतो. शुगरचं व्हिल्डाग्लिप्टिन, डिसेंबर २०१९ ला पेटंट संपलं आणि लगेच कितीतरी कंपन्यांच्या गोळ्या आल्या, भाव उतरला. आधी आठ दिवसांची गोळी मागणारी माणसं महिन्याची न्यायला लागली. टीबीच्या बेडाक्विलिनचं तर मूळ पेटंट जुलै २०२३ ला संपणार होतं, कंपनीनं गोळीतल्या क्षारावर वेगळा अर्ज टाकून आणखी चार वर्षं ओढायचा प्रयत्न केला, तो पेटंट ऑफिसनं मार्च २०२३ मध्ये फेटाळला. त्या अर्जाला विरोध करणाऱ्यांत टीबीतून उठलेल्या बायका होत्या. तेव्हा संपलेलं पेटंट वापरणं म्हणजे चोरी हे डोक्यातून काढा.

कडोलीची_सून
औषध कंपनी आणि कोकणातला एकटा माणूस, तुलना तरी बघा की. कंपनीनं पूर्ण २० वर्षं वसूल केलं, हा मंजुरीनंतर वर्षभर पण टिकला नाही. तुमच्या उदाहरणानं माझाच मुद्दा पक्का होतोय.

मच्छे_इंजिनिअर
उदाहरण पाहिजे तर ३डी प्रिंटर घ्या. प्लास्टिकची तार वितळवून थरावर थर देणारी पद्धत, क्रंप नावाच्या अमेरिकन माणसानं १९८९ ला अर्ज केला, पेटंट २००९ ला संपलं. त्याच्या आधीच इंग्लंडमध्ये बोयरच्या टीमनं रेपरॅप म्हणून उघडा प्रकल्प सुरू केला होता, पेटंट संपलं आणि स्वस्त प्रिंटरची लाटच आली. आमच्या कॉलेजच्या होस्टेलवर पोरांकडं आहे बे. त्याच्याही मागं जायचं तर वॅटचं वाफेचं इंजिन, १७६९ चं पेटंट, पार्लमेंटकडनं वाढवून घेऊन १८०० पर्यंत दाबून धरलं. ते सुटल्यावर ट्रेव्हिथिकसारख्यांनी जास्त दाबाची इंजिनं पळवली. लोक वाटच बघत असतात.

निपाणकर_काका
वॅट राहू दे, कटरचा रेट काय?

चेन्नईकर_मूळचा_येळ्ळूरचा
आणखी एक. श्रेय द्यायच्या भरात कटरवर त्या गृहस्थाचं ब्रँडनाव घालू नका, ट्रेडमार्क फी भरत राहिलं तर १०-१० वर्षांनी कायम वाढवता येतो, तो जिवंत असू शकतो. आणि 'पेटंटेड' असं तर अजिबात छापू नका. पेटंट नसताना तसं लिहिलं की दंड आहे.

उद्यमबागचा_लेथवाला
सगळ्यांना एकदम उत्तर देतो. काल पॅटर्नवाल्या काकांचं ऐकून फोन लावला. पेटंटच्या कागदावर पत्ता होता, त्या गावातल्या ओळखीच्याकडनं नंबर काढला. गृहस्थ आहेत, सत्तरीच्या पुढं, आवाज खणखणीत. मी जरा घाबरतच म्हणालो, तुमचं पेटंट फी न भरल्यामुळं बंद दिसतंय. तर म्हणाले, न भरल्यामुळं नाही, मी भरली नाही. पैसे होते. स्प्रिंगनं दगा दिला. टरफलाचं तेल स्प्रिंगच्या घरात जातं, दोन आठवड्यांत गोंदासारखं चिकटतं, पातं मागं सरकायचं थांबतं. गिऱ्हाइकांनी सात नग परत पाठवले. मग ज्याला कोण हात लावणार नाही त्याची राखण कशाला करू.

मी विचारलं, मग आम्ही बनवू का. म्हणाले बनव की, पण आहे तसं बनवलंस तर तुला पण सात परत येतील. स्प्रिंग काढ, पात्याच्या मागं वजन टांग, वजनाला तेल लागलं तरी फरक पडत नाही. करून बघ, चाललं तर एक नग मला पाठव. पैशाचं विचारलं तर हसले, म्हणाले काजू पाठव.

कडोलीची_सून
बरं, म्हणजे परवडलं नाही हे मीच ठरवलं होतं. पण मग वजनाची आयडिया त्यांची की तुमची? ती कुठल्याच कागदावर नाही. आता तुम्ही तिच्यावर पेटंट टाकणार नाही ना?

टिळकवाडी_९
टाकता येणार पण नाही, शोध लावणारा ते आहेत, यांनी स्वतःच्या नावावर अर्ज केला तर खोटं होईल. आणि आता इथं जगजाहीर पण झालं. लेथवाल्या, तू नकळत सगळ्यांना देऊन टाकलंस!

उद्यमबागचा_लेथवाला
जाऊ दे की. साडू म्हणतात हे बरं झालं. निपाणकर काका, रेट अजून काढला नाही, आधी एक नग खानापूरला दोन आठवडे चालवून बघणार. खानापुरी_काजू ताई, तुमच्या आईंना चालवायला द्यायचा का पहिला?

खानापुरी_काजू
आईचे हात आता आराम करूलाल्यात. वहिनीला सांगते. वजन जास्त जड करू नका, दिवसभर दाबायचं असतंय.