मेल सर्व्हरच्या डिरेक्टरीतून जुने ईमेल पत्ते एकगठ्ठा कसे काढावेत? (मदत हवी आहे)

नमस्कार.

आमच्या संस्थेचे नाव दोनदा बदलले आणि प्रत्येक वेळी नवे डोमेन घेतले गेले, त्यामुळे मायक्रोसॉफ्टच्या एक्सचेंज मेल सर्व्हरवरच्या सुमारे १,४०० मेलबॉक्सपैकी बहुतेकांना आज तीन-तीन पत्ते आहेत. सर्वांत जुन्या डोमेनवरचे पत्ते आता काढून टाकायचे ठरले असून ते काम माझ्याकडे आले आहे. ईमेल ॲड्रेस पॉलिसीतून (खात्यांना पत्ते आपोआप देणाऱ्या नियमांतून) ते डोमेन वगळले की पत्तेही आपोआप जातील, असा माझा समज होता. प्रत्यक्षात पॉलिसी नवा पत्ता जोडते, पण पूर्वी दिलेला पत्ता दुय्यम म्हणून तसाच राहू देते.

म्हणून पॉवरशेल या आज्ञा-भाषेत एक छोटी स्क्रिप्ट लिहिली. गेट-मेलबॉक्स या आज्ञेने खाती घ्यायची, प्रत्येक खात्याच्या पत्त्यांच्या यादीवर फोरईच (एकेक नोंद घेणारे आवर्तन) फिरवायचा आणि ‘लाइक’ या तुलनेने जुने डोमेन दिसले की तो पत्ता त्याच यादीतून काढायचा, अशी तिची रचना आहे. पहिल्याच चाचणीत यादी मध्येच बदलल्याची तक्रार करून ती थांबली. तेव्हा काढण्याची आज्ञा तात्पुरती वगळून, कोणते पत्ते निघतील एवढेच छापून पाहिले. दहा खात्यांची ती यादी वाचताना आठव्या ओळीवर मी थबकलो, कारण तिथे पत्त्याच्या आधीचे एसएमटीपी (पत्त्याचा प्रकार सांगणारा उपसर्ग) कॅपिटल अक्षरांत होते, म्हणजेच त्या व्यक्तीचा मुख्य पत्ता अजून जुन्याच डोमेनवर आहे. स्क्रिप्ट न अडखळता चालली असती तर तिने हा पत्ताही काढायला घेतला असता. त्या ओळीनंतर पूर्ण सर्व्हरवर काही चालवण्याचे धाडस होत नाही.

मुख्य पत्त्यांना धक्का न लावता फक्त दुय्यम पत्ते कसे निवडावेत? काही खात्यांत एक्स५०० ने सुरू होणाऱ्या लांबलचक नोंदीही आहेत. ‘त्याही जुन्याच आहेत, सोबत काढून टाका’ असे एका सहकाऱ्याचे म्हणणे आहे. ते योग्य आहे का? आणि काही चुकलेच तर पूर्वस्थितीला परत येण्याचा मार्ग कोणता? ज्यांनी हे काम प्रत्यक्ष केले आहे त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर

आपण आधी यादी छापून पाहिलीत हे फार चांगले केलेत. पॉवरशेलचा ‘लाइक’ लहान-मोठ्या अक्षरांत भेद करत नाही आणि एक्सचेंजमध्ये मुख्य व दुय्यम पत्त्यांतला फरक नेमका त्याच भेदावर उभा आहे. ‘लाइक’ऐवजी ‘सीलाइक’ वापरा आणि नमुना लहान अक्षरांतल्या एसएमटीपीने सुरू करा, म्हणजे मुख्य पत्ते निवडीत येणारच नाहीत. ज्यांचा मुख्य पत्ता जुन्या डोमेनवर आहे त्यांची वेगळी यादी करून आधी तो नव्या डोमेनवर न्या.

स्क्रिप्ट थांबली, कारण ज्या यादीवर फोरईच फिरत आहे तीच आपण बदलत आहात. काढायचे पत्ते प्रथम वेगळ्या ॲरेमध्ये (यादीत) घ्या आणि मग खाते बदलणाऱ्या सेट-मेलबॉक्स आज्ञेच्या ईमेलॲड्रेसेस पॅरामीटरला ‘रिमूव्ह’सह तो ॲरे एकदाच द्या. गेट-मेलबॉक्स मुळात १,००० च नोंदी देते, त्यामुळे रिझल्टसाइझ (किती नोंदी द्यायच्या ते) ‘अनलिमिटेड’ ठेवले नाही तर आपली सुमारे ४०० खाती सुटतील. वितरण गट आणि संपर्क-नोंदी तर या आज्ञेत येतच नाहीत. त्या गेट-रेसिपियंटने शोधाव्या लागतात.

एक्स५०० नोंदींना मात्र कृपया हात लावू नका. आउटलुक अंतर्गत व्यक्तीचा पत्ता सुचवते तेव्हा त्यामागे बहुधा एसएमटीपी पत्ता नसून डिरेक्टरीतली जुनी ओळख असते. खाते हलवले गेले असेल तर ती ओळख याच नोंदीमुळे जुळते. ती काढली की जुन्या मेलला दिलेली उत्तरे परत येऊ लागतात आणि कारण शोधताना दिवस जातो.

परतीच्या मार्गाबद्दल सांगायचे तर, ॲक्टिव्ह डिरेक्टरीचा (जिथे ही खाती साठवलेली असतात तिचा) रीसायकल बिन पुसलेले खाते परत देतो, खात्यातून काढलेला एखादा पत्ता नव्हे. म्हणून आधी सर्व पत्ते सीएसव्ही फाइलमध्ये (स्वल्पविरामांनी मांडलेल्या तक्त्यात) उतरवून घ्या, एका ओळीत खाते आणि त्याचा एकच पत्ता अशा रीतीने, म्हणजे तीच फाइल उलट फिरवून पत्ते परत जोडता येतील. पहिली फेरी ‘व्हॉटइफ’ (बदल न करता काय होईल एवढेच दाखवणारा पर्याय) लावूनच चालवा.

आणखी एक गोष्ट मला तांत्रिक बाबींपेक्षाही महत्त्वाची वाटते. जुन्या पत्त्यांवर अजून कोण लिहिते, हे येणारी मेल स्वीकारणाऱ्या रिसीव्ह कनेक्टरच्या प्रोटोकॉल लॉगमधल्या (संवादाच्या नोंदींतल्या) ‘आरसीपीटी टू’, म्हणजे मेल कोणासाठी आहे हे सांगणाऱ्या, ओळींवरून कळते. हे लॉगिंग सुरू असेल तरच ते कळेल, आणि हे लॉग मूळ सेटिंगनुसार ३० दिवसच टिकतात, त्यामुळे वर्षातून एकदा नूतनीकरणाची सूचना पाठवणारा त्यांत सापडणार नाही. पत्ते काढले तरी डोमेनची नोंदणी सोडू नका. ती दुसऱ्या कोणी घेतली, तर जुन्या पत्त्यावर उघडलेल्या बाहेरच्या खात्यांचे पासवर्ड बदलण्याचे दुवे त्याच्या हाती पडतील.

धागाकर्ता

मनःपूर्वक आभार. ‘सीलाइक’ लावून त्याच दहा खात्यांची यादी पुन्हा छापली. आठवी ओळ आता त्यात नाही. सीएसव्ही घेऊन त्या दहा खात्यांतले दुय्यम पत्ते काढले आणि एका खात्यात ते फाइलवरून परत जोडूनही पाहिले. दोन्ही नीट झाले. एक्स५०० नोंदी तशाच ठेवल्या आहेत. प्रोटोकॉल लॉग आमच्याकडे बंद होता, तो आजच सुरू केला असून उरलेली खाती महिनाभराच्या नोंदी पाहिल्यानंतरच हाती घेईन. वर्षातून एकदाच लिहिणाऱ्यांसाठी प्रत्येक विभागाकडून बाहेरच्या सेवांची यादी मागवली आहे.