दिवाळीत शाळा बंद, पाळणाघर बंद, बँक मात्र चालू

भांडुपकरीण

नमस्कार मंडळी. एरवी वाचनमात्र असते. आज गाडी कांजूरच्या अलीकडे खोळंबलीय आणि चौथी सीट मिळालीय, म्हणून लिहून टाकते.

भांडुप पश्चिमेला चढावर राहतो. मी फोर्टला एका बँकेत, कॅश काउंटरला. मुलगा तिसरीत, मुलगी साडेतीन वर्षांची. सासूबाई आमच्याजवळच असतात, त्यांचे गुडघे गेलेत. नवरा इलेक्ट्रॉनिक्सच्या शोरूममध्ये आहे. म्हणजे धनत्रयोदशीपासून पाडव्यापर्यंत तो घरी फक्त झोपायला येतो, आणि तक्रार करावी तर त्याचा वर्षाचा इन्सेंटिव्ह त्याच दिवसांत असतो.

आता गोची अशी. मुलाची सहामाही संपली की त्याला सुट्टी. मुलीच्या शाळेची सुट्टी वेगळ्याच तारखांना, कारण बोर्ड वेगळं. पाळणाघराच्या ताई वसुबारसेला देवगडला जातात त्या भाऊबीज करूनच परततात. त्यांनाही घर आहे, मी काय बोलणार? बँकेला सुट्टी लक्ष्मीपूजनाची आणि पाडव्याची. रजा सीनियॉरिटीने मिळते आणि माझा नंबर लागेपर्यंत तुळशीचं लग्न येतं.

पहिल्या अंघोळीलाही मी कामावर असते. पहाटे चारला उठून तिळाचं तेल कोमट करायचं. गिझर लहान, दोन बादल्यांत दम टाकतो, म्हणून शेगडीवर पातेलं वेगळं. आधी सासूबाईंच्या पाठीला तेल, मग मुलाला, तो उटणं टोचतं म्हणून न्हाणीघर डोक्यावर घेतो. मुलगी अर्धवट झोपेत रडते. मग नवऱ्याला. औक्षण, दारात कारिट, 'गोविंदा गोविंदा'. सगळे फराळाला बसले की वाटीच्या तळाशी राहिलेलं तेल मी केसांवरून फिरवते, दोन तांबे घेते आणि आठ-पाचची स्लो पकडते. माझ्या पाठीला शेवटचं तेल आईने लावलं होतं, लग्नाआधी. लिहिताना हसूही येतंय, एवढ्याशा गोष्टीचं काय घेऊन बसले म्हणून.

फराळ घरचाच हवा, हा सासूबाईंचा कायदा. 'आपल्याकडे विकतची चकली कधी आली नाही.' मी बँकेत असताना त्या आणि दोन मुलं. त्यांच्याने पळवत नाही, म्हणून मोबाइल. मुलगा दिवसभर किल्ला बांधायचे व्हिडिओ बघतो. किल्ला मात्र बांधत नाही. धाकटी त्याच्या खांद्यावरून बघते.

आणि हल्ली मला कशाचंही रडू येतं. परवा कॉटवर ओला टॉवेल दिसला आणि डोळे भरून आले. टॉवेलसाठी! रात्री झोप येते, पण सकाळी उठल्यावर झोपलेच नाही असं वाटतं.

विचारायचंय एवढंच की तुम्ही हे पाच-सहा दिवस कसे काढता? पोरं कुठे ठेवता? 'रजा टाक' आणि 'स्वतःसाठी वेळ काढ' सोडून सांगा, प्लीज.

सुरंगी

ठाण्याहून +१. आमच्या बिल्डिंगमध्ये आम्ही चौघींनी आळीपाळी लावलीय. प्रत्येकीने एकच रजा टाकायची. त्या दिवशी चारही घरांची पोरं तिच्याकडे. एका रजेत चार दिवस निघतात, आणि एक रजा कुठलाही साहेब देतो, सलग चार देत नाही.

नियम मात्र पहिल्या दिवशीच ठरवायचे, नाहीतर पुढच्या वर्षी कोणी बोलणार नाही. डबा आपापला. ताप किंवा जुलाब असलेलं मूल आणायचं नाही. सात म्हणजे सात, सव्वासातला पोर न्यायला आलं की दुसऱ्या दिवशी सगळ्यांचं दूध तिच्याकडे. मोबाइल घरमालकिणीच्या कपाटात, मुलांचाही आणि तिचाही. (हा शेवटचा नियम मीच दोनदा मोडलाय.)

पोरं गुंतवायला किल्ला पुरतो. व्हिडिओ नको, माती द्या. विटांचे तुकडे, दगड, वर पोत्याचं ओलं फडकं, त्यावर चिखल थापायचा. हळीव आदल्या आठवड्यात टाकायला सांगा, तीन-चार दिवसांत हिरवं होतं. आमच्याकडे मावळे कमी पडले तेव्हा एक डायनासोर पहाऱ्याला होता. कोणाला खटकलं नाही.

जुनी_जाणती

वाईट वाटून घेऊ नकोस, पण आम्हीही नोकऱ्या केल्या. मी टेलिफोन खात्यात होते, शिफ्ट ड्युटी. घरी अनारशांसकट सगळं व्हायचं. दिवाळी म्हणजे दमणूक आलीच, त्यात एवढं रडण्यासारखं काय?

तिरफळ

@जुनी_जाणती, काकू, तेव्हा घरात किती माणसं होती?

भांडुपकरीण, तुम्ही बँकेतल्या, म्हणून आकडे देते. सरकारचा टाइम यूज सर्व्हे आहे, लोकांचा दिवस कशात जातो ते मोजणारा. २०१९ मध्ये स्वतःच्या घरचं बिनपगारी काम करणाऱ्या बायकांची दिवसाची सरासरी २९९ मिनिटं होती, पुरुषांची ९७. २०२४ मध्ये बायकांची २८९ झाली, पुरुषांची ८८. म्हणजे आपली दहा मिनिटं वाचली ती नवऱ्यांनी उचलली म्हणून नाही, त्यांचीही नऊ वाचली. बहुधा मिक्सर आणि वॉशिंग मशीन. आणि ही वर्षभराची सरासरी आहे, चकलीच्या आठवड्याची नाही.

जुनी_जाणती

@तिरफळ, दोन जावा होत्या. सासूबाई होत्या. आणि परळच्या चाळीत पोरं गॅलरीत असायची, कोणाच्या घरात जेवली ते रात्री कळायचं. खरंय, एकटीने नाही केलं मी काही. ती सुरंगी म्हणतेय तेच आमच्याकडे न ठरवता चालायचं.

मिलिंद_के

मीही रिटेलमध्ये, दादरला. दिवाळीत रजेचं नाव काढलं तर मॅनेजर हसतो. त्यामुळे तुमच्या मिस्टरांची अडचण मला कळते, पण आधीचा आठवडा आणि नंतरचा आठवडा त्यांच्या हातात असतो. माळे, पंखे, जाळ्या, किराणा, कंदिलाची वायर हे सगळं मी धनत्रयोदशीच्या आधीच्या सुट्टीला संपवतो. रात्री अकराला घरी आलो की सोऱ्या माझा. बायको पिठाचा गोळा भरते, मी फिरवतो. दंडांना बरं असतं.

आणि दिवाळीनंतर शोरूमवाल्यांना कॉम्प ऑफ, म्हणजे बदली सुट्ट्या, मिळतात. बहुतेक जण ते झोपण्यात घालवतात, मीही घालवायचो. आता त्यातला एक दिवस मी आणि दोन्ही मुलं, आई घरात नाही. कुठे जाते ते विचारत नाही. राणीची बाग बुधवारी बंद असते हे लक्षात ठेवा, आमची वरात एकदा गेटवरून परत आली होती. वरळीचं नेहरू सायन्स सेंटर होळी आणि दिवाळी सोडली तर रोज उघडं असतं. साडेतीन वर्षांच्या मुलीला तिथलं विज्ञान कळणार नाही, पण बाहेरच्या बागेत ती दमते, आणि आपल्याला तेच हवं असतं.

विक्रोळीचा_घाणा

मी फराळाच्या ऑर्डरी घेते, त्यामुळे माझं मत धंदेवाईक समजा. सासूबाईंना तयार चकली नको असेल तर चकलीची भाजणी विकत घ्या. अनारशाचं पीठही तयार मिळतं. तीन दिवस तांदूळ भिजवा, रोज पाणी बदला, वाळवा, कुटा, गूळ घालून मुरवा, हे सगळं वाचतं. तळण तुमच्या घरी झालं की वास घरभर, आणि 'घरचं' म्हणायला सासूबाई मोकळ्या. मोहन कडकडीत घाला, पीठ भिजवल्यावर जास्त वेळ ठेवू नका. करंज्यांच्या फंदात पडू नका. करंजी हा चार बायकांचा पदार्थ आहे, एकीने लाटायच्या, भरायच्या, कातायच्या आणि तळायच्या म्हणजे शिक्षा. शंकरपाळे मुलाकडून कापून घ्या, वेडेवाकडे होतील, चवीत फरक पडत नाही.

माझी स्वतःची पोरं या दिवसांत माझ्या बहिणीकडे असतात. मी कढईसमोर, ती सांभाळते, त्याचे मी तिला पैसे देते. बहीण असली म्हणून काय झालं.

निवृत्त_सिस्टर

महापालिकेच्या रुग्णालयात बरीच वर्षं वॉर्डात काढली, त्या अधिकाराने बोलते. पोरी, फराळाचं नंतर बघ, आधी रक्त तपासून घे. झोपूनही थकवा जात नाही म्हणतेस. सीबीसी, थायरॉइड, बी-१२, एवढं तरी. बाईचं हिमोग्लोबिन १२ च्या वर हवं. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना ॲनिमिया निघाला, म्हणजे तुझ्या लेडीज डब्यात अर्ध्याहून जास्त. सगळ्या 'दमले गं' म्हणतात आणि पुढचं स्टेशन येतं. लोहाची गोळी मिळाली तर चहाबरोबर घेऊ नकोस, लिंबूपाण्याबरोबर घे.

रक्त ठीक निघालं आणि तरी दोन आठवड्यांहून जास्त रडू, चिडचिड, कशात मन न लागणं चालू राहिलं, तर ते मनाचं दुखणं आहे, आणि तेही दुखणंच आहे. सरकारची टेलिमानस ही मनाच्या दुखण्यांसाठीची हेल्पलाइन आहे, १४४१६. फुकट, चोवीस तास, मराठीतून बोलतात. गाडीत बसून नको करूस, गच्चीवर जा. आणि कधी सगळं संपवावंसं वाटलं तर दिवाळी संपायची वाट बघायची नाही, त्याच क्षणी फोन करायचा. तुला तसं वाटतंय असं मी म्हणत नाही, पण इथे वाचणाऱ्या इतरही आहेत.

मोबाइलचं म्हणशील तर दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला तासाभरापेक्षा जास्त नको, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. पण सासूबाईंना एकटीला दोन मुलं देऊन वर 'मोबाइल देऊ नका' सांगणं मला पटत नाही. आधी माणूस द्या, मग नियम द्या. सुरंगीचा उपाय त्यासाठीच बरा.

आणि त्या सासूबाईंना सांग, गुडघे गेलेत, हात शाबूत आहेत. त्यांना खुर्ची दे, तू खाली पाटावर बस. तेल लावायला उभं राहावं लागत नाही. विचारून बघ, नाही म्हणणार नाहीत. आमच्या पिढीला कोणी मागितल्याशिवाय द्यायचं सुचत नाही, एवढंच.

सुरंगी

सिस्टर, शेवटच्या परिच्छेदाला दंडवत.

धाकटीला खोकल्याचा त्रास असेल तर संध्याकाळचं गणित वेगळं ठेवा. २०२३ मध्ये उच्च न्यायालयाने मुंबईत फटाक्यांना रात्री ८ ते १० एवढीच वेळ दिली होती, पण आमच्या गल्लीत घड्याळ कोण बघतं! आम्ही साडेसातलाच खिडक्या लावून घेतो. पोरांची फुलबाजी लवकर उरकायची, एक पाण्याची बादली जवळ, जळकी तार त्यात. सुती कपडे. नव्या ड्रेसची झालर आधी बघा.

भांडुपकरीण

एवढं कोणी लिहील असं वाटलं नव्हतं. काल रात्री सगळं नवऱ्याला वाचून दाखवलं. मिलिंद, तुमची पोस्ट ऐकून तो म्हणाला, 'हा माणूस आमच्या युनियनचा शत्रू आहे.' पण कॉम्प ऑफचा एक दिवस कबूल झालाय, आणि माळे या रविवारी. मेगाब्लॉक आहे, कुठे जायचं नाहीच.

सिस्टर, रक्त तपासलं. हिमोग्लोबिन ९.८ आलं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्यात, महिन्याने परत बोलावलंय. रिपोर्ट बघून सासूबाई गप्प झाल्या आणि संध्याकाळी खजूर घेऊन बसल्या होत्या. भाजणीवर त्यांनी 'बघू' म्हटलंय. आमच्या घरात 'बघू' म्हणजे हो, फक्त कबूल करायचं नसतं. तेलाचं अजून विचारलेलं नाही, धीर होत नाहीये, पण विचारणार आहे. १४४१६ सेव्ह करून ठेवलाय.

आळीपाळीला खालच्या मजल्यावरची एक आणि समोरच्या इमारतीतली एक तयार आहे. तिघी झालो. चौथी आहे, पण तिचा मुलगा चावतो. काय करायचं?

सुरंगी

किती वर्षांचा?

भांडुपकरीण

अडीच.

सुरंगी

मग घ्या. अडीच वर्षांची चावतातच, बोलता येत नाही तोवर दातच बोलतात. त्याच्या आईला शेवटचा दिवस द्या, तोपर्यंत तो रुळतो. पण पहिल्या दिवशी त्याला आणि तुमच्या धाकटीला एकाच गाडीसाठी भांडू देऊ नका, दोन गाड्या ठेवा. आणि किल्ल्याची माती रस्त्याकडेची उचलू नका, त्यात काचा असतात. कुंड्या विकणाऱ्याकडे लाल मातीची गोणी मिळते, एक पुरे. जिन्याखाली बांधणार असाल तर सेक्रेटरीला आधी सांगा.