मदत हवी आहे : लिबेरोने उडी मारून दिलेला पास वैध की अवैध?
व्हॉलीबॉलमध्ये 1998 साली आलेल्या लिबेरो या बचावपटूविषयीच्या एका नियमाबाबत जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे. लिबेरोने जाळ्यालगतच्या 3 मीटर रुंदीच्या पुढील क्षेत्रातून बोटांनी चेंडू उचलून दिला, तर तो जाळ्याच्या वरच्या कडेहून उंच असताना सहकाऱ्याला मारता येत नाही, एवढे मला ठाऊक आहे. (1895 मध्ये विल्यम मॉर्गन यांनी निवांत करमणूक म्हणून रचलेला हा खेळ इतका काटेकोर होईल, असे कोणाला वाटले असेल!) परंतु लिबेरोने मागील क्षेत्रातून उडी घेतली आणि चेंडूला बोटे लागताना तो स्वतः हवेत या क्षेत्राच्या 3 मीटर रेषेच्या पुढे असला, तर पंचांनी उडीची जागा ग्राह्य धरावी की स्पर्शाची? उडी घेताना पाऊल रेषेवर पडले असल्यास निर्णय बदलतो का?