'फायरवॉल बसवली' म्हणजे नेमके काय झाले?

रानवारा:
उबुंटूवर अपाची या वेब सर्व्हरसाठी मॉडसिक्युरिटी ही वेब ॲप्लिकेशन फायरवॉल (साइटकडे येणाऱ्या विनंत्या तपासणारा प्रोग्राम) बसवण्याची मराठी पुस्तिका लिहायला घेतली आहे. वेब ॲप्लिकेशन फायरवॉलला 'अग्निभिंत' म्हणावे का? आणि 'इन्स्टॉल'ला 'प्रस्थापित करणे' चालेल?

कातळ:
'अग्निभिंत' वाचून आगीची भिंत डोळ्यांपुढे येते. मूळ शब्द बांधकामातला आहे, आग पलीकडे जाऊ नये म्हणून घातलेली भिंत. शिवाय साधी फायरवॉल पत्ता आणि पोर्ट पाहून सोडते, वेशीवरच्या पहारेकऱ्यासारखी. मॉडसिक्युरिटी मात्र विनंती उघडून आतला माल तपासते. ते काम जकात नाक्याचे. समजावताना 'नाका' म्हणा, शीर्षकात 'फायरवॉल'च ठेवा, लोक तोच शब्द शोधतात.
'प्रस्थापित' नको. नळ बसवतात, मीटर बसवतात, तशी हीही बसवतात.

शेवंती:
'बसवणे' बरोबर, पण त्या एका शब्दात तीन कामे कोंबू नका. खरी फसगत तिथेच होते.

'लिबअपाची२-मॉड-सिक्युरिटी२' हे पॅकेज घातले की ती बसली. पण सोबत येणाऱ्या नमुना फाइलच्या नावाच्या शेवटी 'रेकमेंडेड' असते, आणि अपाची त्या फोल्डरातल्या फक्त '.कॉन्फ'ने संपणाऱ्या फाइली वाचतो. म्हणून त्या फाइलची 'मॉडसिक्युरिटी.कॉन्फ' नावाने प्रत करायची. तोवर ती बसलेली असूनही काहीच करत नाही.

प्रत केल्यावरही 'सेकरूलइंजिन' या सेटिंगपुढे 'डिटेक्शनओन्ली' असते. याला मी 'टेहळणी' म्हणेन. नोंद होते, अडवणूक होत नाही. तिथे 'ऑन' लिहून, कॉन्फिगटेस्ट (सेटिंग फाइलींची तपासणी) करून अपाची पुन्हा सुरू केला की मग 'अडवणे'. बसवणे, टेहळणी, अडवणे हे तीन शब्द पुस्तिकेत वेगळेच राहू द्या. चालत्या साइटवर टेहळणीचे काही दिवस मुळीच गाळू नका.

पडताळणीसाठी साइटच्या पत्त्याच्या शेवटी '?exec=/bin/bash' जोडा; हे देवनागरीत लिहू नका, मूळ रोमन अक्षरेच हवीत. अडवणे चालू आणि कोअर रूल सेट (हल्ले ओळखणाऱ्या तयार नियमांचा संच) लागू असेल तर ४०३, म्हणजे 'प्रवेश नाही' असे उत्तर मिळते.

रानवारा:
'फॉल्स पॉझिटिव्ह'ला 'खोटा सकारात्मक' लिहिले आहे.

कातळ:
त्याने काहीच बोध होत नाही. 'नाहक अडवणूक' लिहा. गुन्हा नसताना अडवले, एवढेच सांगायचे आहे.

शेवंती:
त्या प्रकरणात एक इशारा ठळक छापा. नोंदवहीत ९४९११० हा क्रमांक सतत दिसतो, म्हणून लोक तोच नियम काढून टाकतात. तो गुन्हेगार नव्हे, बेरीज करणारा आहे. गंभीर नियम लागला की ५ गुण, इशाऱ्याचे ३. येणाऱ्या विनंतीची मर्यादा मुळात ५ असते, म्हणजे एकच गंभीर नियम पुरतो. बेरजेचा नियम काढला की येणाऱ्या विनंत्यांची अडवणूकच बंद पडते. त्याच विनंतीच्या आधीच्या ओळींत खरा नियम सापडतो, उदाहरणार्थ एसक्यूएल (डेटाबेसची भाषा) घुसखोरीचा ९४२१००. 'सेकरूलरिमूव्हबायआयडी' ही नियम काढणारी सूचना त्याच्यावर चालवा, आणि ती ओळ नियम लोड झाल्यानंतर येणाऱ्या ९९९ क्रमांकाच्या फाइलमध्ये ठेवा. आधी लिहिली तर काढायला नियमच नसतो.

रानवारा:
आणि 'पॅरानोइया लेव्हल'?

कातळ:
'संशयपातळी', म्हणजे नियम किती कडक, १ ते ४. सुरुवात १ वरच. पातळी चढेल तशी नाहक अडवणूक वाढते.