बिअर घेताना किंमतीबरोबर बाटली भरल्याची तारीखही बघा
बिअरची तुलना करताना किंमत बाटलीमागे न धरता लिटरमागे धरा, असं इथे आधी सुचवलं गेलंय; ते पटलं. ३३० आणि ५०० मिलीच्या बाटल्या शेजारी ठेवल्या की नजर फसतेच. पण भरल्याची तारीख बघा, हे कुणीच लिहिलेलं दिसलं नाही. हॉप्सचा (बिअरला कडवटपणा आणि वास देणाऱ्या फुलांचा) सुगंध हा आयपीएचा, म्हणजे हॉप्स भरपूर असलेल्या इंडिया पेल एलचा, जीव, आणि तो पहिल्या काही महिन्यांतच उतरतो. सवलतीत लावलेला माल बरेचदा असाच जुना असतो: ग्लासात फेस छान येतो, पण नाकाशी नेलं की संत्र्याच्या सालीऐवजी ओल्या पुठ्ठ्याचा वास. इम्पीरियल स्टाउट, बार्लीवाइन अशा जड बिअरना मात्र वय मानवतं, काही तर मुरून सुधारतात. तिथे सवलत बिनधास्त घ्यावी. हिरव्या किंवा पारदर्शक काचेतली, उजेडात मांडलेली बाटली मी उचलतच नाही. प्रकाशाने हॉप्समधले कडू घटक बिघडून उग्र दर्प सुटतो. तपकिरी काच बरंच वाचवते, कॅन पूर्णच.

आणि तुलना एकाच प्रकारच्या दोन बिअरची करा, एल (आयपीए, स्टाउट ज्यात मोडतात तो प्रकार) असेल तर साधारण ८ ते १० अंशांवर. फ्रीजमधून काढल्या काढल्या प्यायलं तर सुगंध दबलेला असतो, फरक कळत नाही.